पेज साइझ आणि ३२-६४ बिटचा घोळ: एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर पडतं, तेव्हा काय तपासायचं

हा एकच बिघाड मी वेगवेगळ्या वेषात इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता कुणी फोनवर ‘लॅपटॉपवर चालतंय रे, बोर्डावरच पडतंय’ म्हणालं की पहिला प्रश्न तोंडात तयार असतो, पेज साइझ काय आहे त्या मशीनची? पेज म्हणजे कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, मेमरी ज्या ठराविक मापाच्या तुकड्यांत वाटतं त्यातला एक तुकडा. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, रोज टर्मिनलवर बसणाऱ्याला ओळखू येतील.

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी जुळलं तरी पुढे वाचा.

नवीन मशीनवर प्रोग्रॅम सुरू होता होताच मरतो, मेन फंक्शनपर्यंत पोचतच नाही, आणि एकच ओळ येते, ‘जेमॅलॉक, अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ’ (जेमॅलॉक ही प्रोग्रॅमला मेमरी काढून देणारी लायब्ररी). किंवा लायब्ररी लोड होत नाही आणि लोडर सांगतो ‘ईएलएफ लोड कमांड अलाइनमेंट नॉट पेज-अलाइन्ड’ (ईएलएफ हा लिनक्सच्या बायनरी फाइलचा फॉरमॅट). हे दोन सगळ्यात बरे, कारण ते निदान स्वतःचं नाव तरी सांगतात.

प्रोग्रॅम चालतो पण एममॅप (फाइल मेमरीत जोडणारा कॉल) किंवा एमप्रोटेक्ट (मेमरीच्या परवानग्या बदलणारा कॉल) मध्येच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ देतं, एरर नंबर २२, आणि तेही दरवेळी नाही. टेस्ट पडत नाही, नुसती लटकते, टाइमआउट होईपर्यंत. जी टेस्ट मुद्दाम क्रॅश व्हायला लिहिलीय ती क्रॅशच होत नाही. मेमरी किती खाल्ली ते दाखवणारा आकडा खऱ्याच्या बरोब्बर एक चतुर्थांश किंवा एक सोळांश येतो.

आणि ३२ बिटच्या बाजूची लक्षणं वेगळी असतात. मोठा आकडा अचानक उणे होतो. फाइल २ जीबीच्या पुढे गेली की उघडत नाही. तारीख एकदम १३ डिसेंबर १९०१ दाखवते. एका मशीनवर लिहिलेली बायनरी फाइल दुसऱ्यावर वाचली तर एका ठराविक फील्डनंतर सगळं ४ बाइटनी सरकलेलं.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण माझे पहिले कित्येक दिवस ही न कळल्यामुळे गेले. पेज साइझ ही कर्नलची असते, वर्ड साइझ ही बायनरीची असते. म्हणजे ३२ बिट की ६४ बिट हे कंपाइल करतानाच ठरतं आणि फाइलमध्ये लिहिलं जातं, पण पेज ४ केबीचं की १६ चं की ६४ चं हे प्रोग्रॅम चालू होताना तिथलं कर्नल सांगतं, तोपर्यंत कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच डॉकर कंटेनर बदलून तुम्ही ३२ बिट टेस्ट करू शकता, पण कंटेनर कितीही बदला पेज साइझ होस्टचीच राहणार, कारण कर्नल एकच आहे. लोक चार वेगवेगळ्या इमेजवर टेस्ट चालवतात आणि म्हणतात आम्ही सगळीकडे तपासलं, आणि प्रत्यक्षात त्या चारही ठिकाणी पेज ४०९६ चंच असतं.

पहिली तपासणी: मशीनलाच विचारा

एक मिनिटही लागत नाही. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ टाका. उत्तर ४०९६, १६३८४ किंवा ६५५३६ यातलं एक येईल. मग ‘गेटकॉन्फ लाँग-बिट’, मग ‘यूनेम -एम’, मग तुमच्या बायनरीवर ‘फाइल’ कमांड. चारही उत्तरं कागदावर लिहा, जिथे चालतं त्या मशीनची आणि जिथे पडतं त्या मशीनची, शेजारी शेजारी.

हे का, तर नुसत्या अंदाजावर फसायला होतं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट मशीनवर साधं पेज नेहमी ४ केबीचंच असतं, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या बोटात ४०९६ बसलंय. पण एआरएमच्या ६४ बिट प्रोसेसरला ४, १६ आणि ६४ असे तीन पर्याय आहेत, आणि कुठला घ्यायचा ते कर्नल बनवणारा ठरवतो. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर १६ केबी. रास्पबेरी पाय ५ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर त्यांची ६४ बिट ओएस टाकली की मुळातच १६ केबीचं कर्नल येतं, पाय ४ वर ४ केबी होतं. रेड हॅट ८ एआरएमवर ६४ केबीची होती, ९ मध्ये ती ४ वर आली आणि ६४ साठी वेगळं कर्नल पॅकेज ठेवलं. पॉवर प्रोसेसरवर बहुतेक ठिकाणी ६४. म्हणजे नुसतं ‘एआरएमवर टेस्ट केलंय’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कुठल्या पेजवर केलंय ते सांगायला लागतं.

दुसरी फसगत यूनेमची. पायवर ३२ बिट ओएस टाकली तरी खाली कर्नल ६४ बिट असू शकतं, मग यूनेम सांगतं ‘एआर्च ६४’ आणि गेटकॉन्फ लाँग-बिट सांगतं ३२. दोघंही खरं बोलतात, एक कर्नलबद्दल, दुसरं वरच्या सगळ्या प्रोग्रॅमबद्दल. तुमची बिल्ड स्क्रिप्ट यूनेमवर विसंबून असेल तर ती चुकीचे फ्लॅग लावणार. ३२ बिट कंटेनरमध्येही हेच होतं, तिथे बिल्डच्या आधी ‘लिनक्स३२’ लावून चालवा म्हणजे यूनेम ३२ बिटचं नाव सांगेल.

दुसरी: कर्नल बदलून बघा

पाय ५ असेल तर ही तपासणी फुकट आहे आणि माझी सगळ्यात आवडती आहे. बूट फर्मवेअरच्या फोल्डरमधली कॉन्फिग टेक्स्ट फाइल उघडा, शेवटी ‘कर्नल बरोबर कर्नल८ डॉट आयएमजी’ ही ओळ घाला, रीबूट करा. आता तेच बोर्ड, तीच बायनरी, तेच एसडी कार्ड, फक्त पेज ४ केबीचं. बिघाड गेला तर पेज साइझच, पुढचे दोन तास वाचले. नाही गेला तर पेजचा नाद सोडा आणि खाली ३२ बिटच्या भागाकडे जा.

अँड्रॉइडवाल्यांसाठी, पिक्सेल ८ किंवा पुढच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शनमध्ये १६ केबी पेजने बूट करायची सोय आहे, आणि एम्युलेटरच्या १६ केबीच्या इमेजही मिळतात. फोन नसेल तर एम्युलेटर पुरतो.

एक मात्र मनापासून सांगतो, ही ओळ टाकून बोर्ड तसंच गिऱ्हाइकाकडे पाठवू नका. निदान झालं, दुरुस्ती झालेली नाही. पुढच्या वेळी कुणीतरी कार्ड नव्याने फ्लॅश करेल, ती ओळ जाईल, आणि तुम्हाला रात्री फोन येईल.

तिसरी: बायनरीची अलाइनमेंट बघा

अलाइनमेंट म्हणजे फाइलचे तुकडे मेमरीत कितीच्या पटीतल्या पत्त्यावर बसतात ते. ‘रीडएल्फ -एल -डब्ल्यू’ आणि पुढे फाइलचं नाव. लोड लिहिलेल्या ओळी शोधा, शेवटचा कॉलम अलाइनचा. तिथे शून्य-एक्स-१००० असेल तर ती फाइल ४ केबीसाठी बांधलीय, १६ च्या कर्नलवर लोडर तिला हात लावणार नाही. शून्य-एक्स-४००० म्हणजे १६ केबी, शून्य-एक्स-१०००० म्हणजे ६४ केबी, हे शेवटचं तिन्हीकडे चालेल. नुसत्या तुमच्या फाइलवर थांबू नका, सोबत येणाऱ्या प्रत्येक डॉट एसओ फाइलवर चालवा, कारण दहा लायब्ररी बरोबर आणि अकरावी कुणाकडून तरी आणलेली जुनी, असंच बहुतेक वेळा असतं.

ही तपासणी एवढ्या वर का ठेवली, तर इथे दोष सापडला तर कोडची एक ओळही बदलायची नसते. लिंकरला ‘मॅक्स-पेज-साइझ’ १६३८४ किंवा ६५५३६ द्या आणि पुन्हा बांधा. अँड्रॉइडच्या एनडीकेमध्ये (सी आणि सी++ कोड बांधायचं किट) आर२८ पासून हे आपोआप होतं, आर२७ मध्ये फ्लेक्सिबल पेज साइझचा पर्याय चालू करावा लागतो. शिवाय एपीकेच्या आतल्या कॉम्प्रेस न केलेल्या लायब्ररी झिपमध्येही १६ केबीच्या हद्दीवर बसाव्या लागतात, त्याला झिपअलाइनला ‘-पी १६’ द्यायचं, हे दुसरं पाऊल लोक हमखास विसरतात. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीची सोय आली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर अँड्रॉइड १५ आणि पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲपला आणि अपडेटला हे सक्तीचं झालं, त्यामुळे हे आता टाळता येत नाही.

जेमॅलॉकचंही इथेच उरकतो. ती लायब्ररी बांधताना ज्या मशीनवर बांधली तिथली पेज साइझ आतमध्ये गोठवून ठेवते. ४ केबीवर बांधलेली १६ वर चालत नाही, पण ६४ वर बांधलेली खालच्या सगळ्यांवर चालते. म्हणून कॉन्फिगर करताना ‘विथ-एलजी-पेज’ १६ द्यायचं, कारण २ चा १६ वा घात ६५५३६. रस्टमधून वापरत असाल तर याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. मेमरी थोडी जास्त जाते, जाऊ दे.

चौथी: कोडमधले ४०९६ शोधा

ग्रेप मारा. ४०९६, ४०९५, शून्य-एक्स-एफएफएफ, १२ ने डावीकडे किंवा उजवीकडे सरकवणं, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं पेज-साइझ. जे सापडेल ते सरसकट बदलू नका! फाइल वाचायचा बफर ४०९६ चा असेल तर त्याचा पेजशी काही संबंध नाही, लिनक्सवर पाथची कमाल लांबीही ४०९६ आहे, डिस्कचा ब्लॉक ४०९६ असू शकतो. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं, हा आकडा कर्नलला पेज म्हणून जातोय का? जात असेल तर तिथे सिसकॉन्फ या कॉलने विचारून घेतलेला आकडा हवा, प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच विचारून ठेवलेला.

इथे एक प्रसंग सांगतो. आमचा एक छोटा डबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो, उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन वाचायचं आणि एका फाइलमध्ये ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये लिहायचं, ब्लॉक एकेक करून एममॅप करायचे, एवढंच काम. पाय ४ वर दोन हंगाम बिनतक्रार चालला. पाय ५ बसवला आणि पहिल्याच संध्याकाळी नोंदी गळायला लागल्या, बाहेर ट्रॉल्यांची रांग, काटेवाले दादा वहीत हाताने वजनं लिहितायत. लॉगमध्ये बघितलं तर ब्लॉक ० लिहिला गेलेला, मग एरर २२, २२, २२, मग ब्लॉक ४ व्यवस्थित, परत तीन वेळा २२, मग ब्लॉक ८. हा क्रम बघितला आणि उलगडा झाला. एममॅपचा ऑफसेट पेजच्या पटीत लागतो, पेज झालं १६३८४ चं, म्हणजे ४०९६ च्या पटीतला दर चौथाच ऑफसेट चालणार.

ही खूण लक्षात ठेवा. चारात एकदा चालतं आणि तीनदा पडतं, तर १६ केबी. सोळात एकदा चालतं, तर ६४ केबी. आणि शून्य ऑफसेट सगळीकडे चालतो, म्हणून छोट्या फाइलवर लिहिलेल्या टेस्टमध्ये हे कधीच पकडलं जात नाही.

दुरुस्ती अशी की मागितलेला ऑफसेट खाली पेजच्या पटीत आणायचा, तिथून एममॅप करायचं, आणि मिळालेल्या पॉइंटरमध्ये फरक मिळवायचा. एसक्यूलाइट या डेटाबेसने हेच वेगळ्या पद्धतीने सोडवलंय, त्यांच्या वॉल (बदल आधी ज्यात लिहितात तो लॉग) इंडेक्सचे तुकडे ३२ केबीचे असतात, पेज त्याहून मोठं निघालं तर ते दोन तुकडे मिळून एकदाच मॅप करतात. फाइलचा फॉरमॅट न बदलता, फक्त मॅप करायची पद्धत बदलून. आम्हीही शेवटी तेच केलं, कारण जुन्या हंगामाच्या फाइल वाचता आल्याच पाहिजेत.

ग्रेपमध्ये अजून दोन ठिकाणं बघा. प्रॉकमधली स्टॅटएम फाइल मेमरी पेजमध्ये मोजून देते, तिला ४०९६ ने गुणलं असेल तर १६ केबीवर आकडा चौथाईच येणार. आणि थ्रेडचा स्टॅक हाताने लहान ठेवला असेल तर तेही तपासा, ग्लिबसीमध्ये (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) इंटेलवर किमान मर्यादा १६ केबी आहे पण ६४ बिट एआरएमवर १२८ केबी, त्यापेक्षा कमी मागितलं की तिथेही २२ नंबरच येतो आणि माणूस पेज साइझ शोधत बसतो.

पाचवी: चूक टेस्टमध्येच आहे का

याला वेळ द्या, कारण इथे कोड बरोबर असतो आणि आपण तो बिघडवून बसतो.

आमची एक टेस्ट पाइप भरून बघायची, ६५५३६ बाइट लिहिले की पाइप भरला पाहिजे आणि पुढचं लिहिणं अडलं पाहिजे, असं गृहीत धरून. ६४ केबीच्या कर्नलवर ती टेस्ट रात्रभर लटकली. कारण लिनक्सचा पाइप मुळात १६ पेजेसचा असतो, ४ केबीवर ते ६५५३६ होतात, १६ केबीवर २,६२,१४४ आणि ६४ केबीवर १०,४८,५७६. पाइप भरतच नव्हता, आणि पलीकडचा थ्रेड भरण्याची वाट बघत बसलेला. कोड पूर्ण निर्दोष. पाइपची क्षमता एफसीएनटीएलने विचारता येते, टेस्टने ती विचारली की प्रश्न संपला.

दुसरा प्रकार, बफरच्या शेवटी गार्ड पेज (हात लावला की क्रॅश व्हावं असं पेज) लावून बाहेर लिहिलं तर क्रॅश व्हावा अशी टेस्ट. ८१९२ एममॅप केलं, ४०९६ पुढच्या पत्त्यावर एमप्रोटेक्ट. १६ केबीवर तो पत्ता पेजच्या मध्येच येतो, एमप्रोटेक्ट २२ देतं, ते कुणी तपासलेलं नसतं, गार्ड लागतच नाही आणि प्रोग्रॅम खुशाल बाहेर लिहीत राहतो. टेस्टमध्येसुद्धा परत आलेली किंमत तपासा, कृपया.

आणि तिसरा प्रकार सगळ्यात घातक, कारण इथे मोठं पेज चूक झाकतं. टेक्स्ट फाइल एममॅप केली आणि शेवटी शून्य बाइट मिळेल या भरवशावर स्ट्रिंगसारखी वाचली. फाइल पेजच्या मध्ये संपत असेल तर उरलेल्या भागात कर्नल शून्यच भरून देतं, त्यामुळे चालतं. पण फाइल बरोब्बर पेजच्या काठावर संपली की पुढे मेमरीच नाही, क्रॅश. आमची कॉन्फिग फाइल वाढत वाढत एके दिवशी नेमकी ४०९६ झाली, लॅपटॉपवर क्रॅश आणि पाय ५ वर ठणठणीत. दोन दिवस आम्ही लॅपटॉपच्या ओएसला दोष देत होतो. अशा कोडसाठी टेस्टमध्ये ६५५३६ बाइटची फाइल ठेवा, ती ४, १६, ६४ तिन्ही पेजेसच्या काठावर संपते, म्हणजे कुठल्याही मशीनवर चूक लगेच दिसते. मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर इथे मदत करत नाही हेही सांगून ठेवतो, ती मेमरी मॅलॉकमधून आलेलीच नसते.

याच धर्तीची एक युक्ती, हार्डवेअर काहीच नसताना. एममॅपवर एक पातळ आवरण लिहायचं, फाइलचा ऑफसेट ६५५३६ च्या पटीत नसेल तर एरर २२ देऊन परत फिरायचं, आणि प्रीलोडने (मूळ एममॅपच्या आधी आपलं लोड करून) ते टेस्टसोबत चालवायचं. साध्या इंटेल लॅपटॉपवर ऑफसेटच्या चुका पाच मिनिटांत बाहेर येतात. फक्त ऑफसेटलाच लावा, पत्त्याला लावू नका, ४ केबीच्या कर्नलकडून मिळालेले पत्ते ६४ च्या पटीत असतीलच असं नाही.

सहावी: ३२ बिट

सुरुवात स्वस्तातली, जीसीसीला ‘-एम३२’. हेडर फाइल सापडत नाही म्हणाला तर मल्टिलिब पॅकेज नाहीये, ते टाका. फॉरमॅटच्या आणि पॉइंटर-इंटिजर कास्टच्या सगळ्या वॉर्निंग चालू करा, क्लँगमध्ये ६४ वरून ३२ ला आखडणारी किंमत दाखवणारी वेगळी वॉर्निंग आहे, ती तर नक्की. वाचताना कंटाळा येईल पण प्रत्येक ओळ वाचा, कारण प्रिंटएफमध्ये ६४ बिटचा आकडा लाँग म्हणून छापणं ६४ बिट लिनक्सवर चुकून बरोबर असतं आणि ३२ वर त्या ओळीतले पुढचे सगळे आकडे बिघडवतं. विंडोजवर तर ६४ बिटमध्येही लाँग ४ बाइटचाच आहे.

मग स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डांचा गट. इथे लोकांचा एक गैरसमज आहे की ३२ बिट म्हणजे सगळं एकच. ३२ बिटचा एक इंटिजर आणि त्यामागे ६४ बिटचा एक, असा स्ट्रक्ट घ्या. ३२ बिट इंटेल लिनक्सवर तो १२ बाइटचा होतो, ३२ बिट एआरएमवर १६ चा, ६४ बिटवरही १६ चा. म्हणजे इंटेलवर -एम३२ ने टेस्ट केलं म्हणून एआरएमची खात्री होत नाही, आणि उलटही नाही. जो स्ट्रक्ट फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जातो त्याच्या खाली साइझऑफचा स्टॅटिक असर्ट टाकून ठेवा, चुकलं तर कंपाइलच होणार नाही. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्येही सुरुवातीला एंडियनचं (बाइटच्या क्रमाचं) चिन्ह दिलं नाही तर ‘एल’ ची लांबी मशीनवर अवलंबून राहते, आणि गोमध्ये ६४ बिटचं ॲटॉमिक ३२ बिट मशीनवर ८ च्या पटीत नसलं तर पॅनिक होतं. मूळ रोग एकच.

तारखेचं, ३२ बिटचा टाइम-टी, म्हणजे वेळ सेकंदांत मोजणारा टाइप, १९ जानेवारी २०३८ ला भरतो, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आणि पुढच्या सेकंदाला १९०१ मध्ये जातो. टेस्टमध्ये २०४० ची एक तारीख कायम ठेवा. ग्लिबसी २.३४ पासून टाइम-बिट्स ६४ आणि त्यासोबत फाइल-ऑफसेट-बिट्स ६४ असे दोन्ही मॅक्रो द्यायचे, पण सगळ्या लायब्ररींना एकदमच. अर्ध्यांना दिलं आणि अर्ध्यांना नाही तर दोन लायब्ररींमध्ये एकाच स्ट्रक्टची लांबी वेगळी होईल, आणि तो बिघाड मूळच्यापेक्षा अवघड.

एक गोष्ट या दोन्हीत मोडत नाही, पण ती इतक्या वेळा याच वेषात येते की सांगायलाच हवी. आमच्या काट्याच्या पावतीवर चालकांची मराठी नावं ऑफिसमध्ये नीट छापली जायची आणि डब्यावर त्या जागी कचरा. कोडमध्ये ‘बाइट शून्याहून लहान असेल तर ती मराठी समज’ अशी ओळ होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं आणि पहिली बाइट २२४. इंटेलवर जीसीसीचा साधा कॅरेक्टर टाइप चिन्हासकट असतो म्हणून ती उणे ३२ दिसते, एआरएम लिनक्सवर तोच टाइप बिनचिन्हाचा, तिथे २२४ च राहते आणि अट कधीच खरी होत नाही. ‘-एफसाइन्ड-कॅर’ लावून बिघाड गेला तर निदान पक्कं. मग कोडमध्ये अनसाइन्ड स्पष्ट लिहा आणि १२७ पेक्षा मोठी आहे का ते तपासा. इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही, म्हणून टेस्टच्या डेटामध्ये आपली नावं घाला, ज्ञानेश्वर, श्रद्धा, कृष्णा, सगळी जोडाक्षरांसकट.

सातवी: पूर्ण एम्युलेशन

वेळखाऊ आहे म्हणून शेवटी. क्यूएमु या एम्युलेटरचा सिस्टिम मोड, ‘व्हर्ट’ मशीन, सीपीयू ‘मॅक्स’, आणि आत ६४ केबीचं कर्नल, उबुंटूत जेनेरिक-६४के नावाने तयार मिळतं. क्यूएमुचा यूजर मोड ३२ बिट एआरएमच्या टेस्टसाठी छान आहे पण पेज साइझसाठी त्याच्यावर विसंबू नका, खाली कर्नल तुमचंच असतं. मॅकवर व्हर्च्युअल मशीनमध्ये ६४ केबीचं कर्नल बूटच होणार नाही, ॲपलच्या त्या प्रोसेसरला ४ आणि १६ च येतात. तिथे हायपरव्हायझर बंद करून शुद्ध एम्युलेशनमध्ये चालवा, अतिशय हळू चालेल, रात्री लावून झोपा.

सगळ्या टेस्ट सगळीकडे चालवायची गरज नाही. मी ४ केबी ६४ बिट, १६ केबी ६४ बिट, ३२ बिट एआरएम एवढे तीन रोज चालवतो आणि ६४ केबी आठवड्यातून एकदा. प्रत्येक रनच्या पहिल्या ओळीत गेटकॉन्फचं उत्तर छापतो, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी रनर बदलला तर कळतं.

कुठे थांबायचं

लायब्ररी बाहेरची, सोर्स नाही, अलाइनमेंट ४ केबीची. थांबा, हेक्स एडिटरने हेडर बदलू नका, आतल्या पत्त्यांचं गणित त्याने सुटत नाही. ज्यांनी दिली त्यांच्याकडे नवीन बिल्ड मागा.

चुकीच्या स्ट्रक्टने लिहिलेला खरा डेटा बाहेर पडलेला आहे, वजनं, बिलं, रुग्णांच्या नोंदी, काहीही. तिथे रूपांतराची स्क्रिप्ट घाईत एकट्याने लिहून मूळ फाइलवर चालवू नका. मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरीचं काम येणाऱ्या माणसाला बसवा.

कर्नल ड्रायव्हर किंवा डीएमए मध्ये २२ नंबर येतोय, किंवा तुमच्याकडे स्वतः लिहिलेला जिट कंपायलर, गार्बेज कलेक्टर असं काही आहे, तर ते काम रोज तेच करणाऱ्याचं आहे. तिथल्या अर्धवट दुरुस्तीने क्रॅश थांबतो आणि मेमरी गुपचूप खराब होत राहते.

चालू सर्व्हरचं कर्नल ४ वरून ६४ वर न्यायचं असेल तर सिस्टिम ॲडमिनला आधी सांगा. स्वॅपच्या हेडरमध्ये पेज साइझ असते, जुनं स्वॅप नव्या कर्नलला चालत नाही, ते पुन्हा बनवावं लागतं, आणि बीटीआरएफएससारख्या फाइलसिस्टिमच्या सेक्टर साइझचाही प्रश्न येतो. बॅकअप नसताना हा प्रयोग नको.

आणि ज्याला बोलावाल त्याला एवढं एकदम पाठवा: दोन्ही मशीनची गेटकॉन्फची दोन्ही उत्तरं, यूनेमची पूर्ण ओळ, बायनरीवर फाइल आणि रीडएल्फचं आउटपुट, एररचा नंबर, कुठल्या ऑफसेटला चाललं आणि कुठल्या ऑफसेटला पडलं त्याची यादी, आणि कर्नल बदलून बघितलं तेव्हा काय झालं.